शस्त्रक्रियागृहाचे छत : समन्वयाचा एक अभ्यास



वार्षिक अहवालात रुग्णसंख्या, जमाखर्च आणि देणगीदारांची यादी यांच्या जोडीला एखादा अभ्यासलेख द्यावा, असा आमचा परिपाठ आहे. आजवर या पानांवर बहुधा एखाद्या आजाराविषयी लिहिले गेले. या वेळचा विषय निराळा आहे. नव्या शस्त्रक्रिया विभागाची आखणी चालू असताना विश्वस्त मंडळाच्या बैठकीत एका ज्येष्ठ विश्वस्तांनी विचारले होते की, नकाशे काढून झाले असताना संगणकावरील मॉडेलसाठी आणि त्याच्या समन्वयासाठी वेगळे शुल्क कशाला द्यायचे? देणगीच्या पैशातून होणाऱ्या खर्चाबद्दल असा प्रश्न विचारला जाणे योग्यच आहे. त्या दिवशी आम्हाला त्याचे समाधानकारक उत्तर देता आले नाही. ते उत्तर येथे देण्याचा प्रयत्न करीत आहोत.

प्रथम एक जुनी चूक सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या एका शस्त्रक्रियागृहाचे नूतनीकरण केले. उद्घाटन झाले. फरशी चकचकीत होती, छत पांढरेशुभ्र होते. पहिल्याच पावसाळ्यात त्या छतावर, शस्त्रक्रियेच्या टेबलापासून हातभर अंतरावर, पिवळसर डाग उमटला आणि दुसऱ्या दिवशी तेथून पाण्याचा थेंब पडला. वरच्या मजल्यावर त्या जागी पाण्याची कोणतीही जोडणी नव्हती. छत कापल्यावर कारण कळले. वातानुकूलनासाठी सुमारे ७ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी वाहून नेणारी नळी तेथून गेली होती. तिच्यावरील झडप डक्ट आणि बीम यांच्यामधील इतक्या चिंचोळ्या जागेत बसली होती, की तिच्याभोवती उष्णतारोधक आवरण नीट गुंडाळताच आले नव्हते. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात हे कोणाच्या लक्षात आले नाही. जुलैची दमट हवा येताच, गार पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून पाणी सुटावे तसे त्या झडपेला पाणी सुटले. झडपेपर्यंत हात पोचेल अशी झडती-खिडकी छताला नव्हती, कारण छताच्या नकाशात ती झडप दाखवलेलीच नव्हती.

शस्त्रक्रियागृह आठ दिवस बंद राहिले. ज्यांना तारखा दिल्या होत्या त्यांना निरोप गेले. पण गडचिरोलीकडील एका आजींना निरोप वेळेत पोचला नाही. मुलाला सोबत घेऊन, रात्रभर एस.टी.चा प्रवास करून त्या आल्या होत्या. हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांना पुन्हा यावे लागले, आणि मुलाची त्या आठवड्याची मजुरी बुडाली ती वेगळीच. वास्तुविशारदांचा नकाशा आपल्या परीने बरोबर होता, वातानुकूलन अभियंत्यांचाही बरोबर होता. दोन बरोबर नकाशे एकमेकांवर ठेवून कोणी पाहिले नव्हते. ते पाहवून घेणे हे बांधकाम करवून घेणाऱ्यांचे, म्हणजे आमचे काम होते.

आता विषयाकडे वळू. रुग्णाला आडवे नेत असताना त्याला दिसते ते छत. नातेवाईक मात्र त्याकडे क्वचितच पाहतात. वास्तविक रुग्णालयात सर्वांत दाटीवाटीची जागा असेल तर ती छत आणि वरचा स्लॅब यांच्यामधली. शस्त्रक्रियागृहात टेबलाच्या बरोबर वर शुद्ध हवा सोडणारा पडदा असतो. हेपा फिल्टरमधून, म्हणजे ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवणाऱ्या गाळणीतून, आलेली हवा तेथून सरळ खाली रुग्णाच्या अंगावर उतरते. त्या पडद्याच्या मध्यातूनच शस्त्रक्रियेच्या दिव्याचा दांडा खाली येतो. बाजूला भूलतज्ज्ञांचा आणि शल्यचिकित्सकांचा असे पेंडंट, म्हणजे ऑक्सिजन, दाबाखालील हवा, शोषण आणि वीज यांची तोटी-खोबणी घेऊन लोंबणारे फिरते हात असतात. ते छताला टांगलेले दिसले तरी छताच्या पत्र्यावर त्यांचा भार मुळीच नसतो. तो वरच्या स्लॅबमध्ये बसवलेल्या लोखंडी तबकडीवर असतो. शिवाय साधे दिवे, धूरसूचक यंत्रे, ध्वनिक्षेपक, आणि बाहेरच्या मार्गिकेत व रुग्णाला शुद्धीवर आणण्याच्या खोलीत आग विझवणारे स्प्रिंक्लर. खालून पाहणाऱ्याला ही सारी एका छतावरील निरनिराळी टिकल्यांसारखी दिसतात. प्रत्येकीमागे एक नळी, तार किंवा डक्ट असतो.

वास्तुविशारद छताचा जो नकाशा काढतात त्याची रीत मोठी गमतीची आहे. जमिनीवर आरसा अंथरला आहे आणि आपण वरून त्या आरशात छताचे प्रतिबिंब पाहतो आहोत, अशी कल्पना करून तो काढतात. म्हणजे डावे-उजवे खालच्या खोलीशी जुळते. पण आरशात खोली दिसत नाही. छताच्या पलीकडे किती जागा आहे आणि ती कोणी व्यापली आहे, हे त्या नकाशात कळत नाही. आमची झडप नेमकी तेथेच लपली होती.

एक साधा हिशेब करून पाहू. समजा, एका मजल्याच्या फरशीपासून वरच्या मजल्याच्या फरशीपर्यंत ४,२०० मिलिमीटर उंची आहे. त्यातून स्लॅबचे १५० आणि त्याखाली उतरलेल्या बीमचे ६०० वजा केले, की ३,४५० उरतात. छत ३,००० वर हवे असेल, तर बीमच्या खाली केवळ ४५० मिलिमीटरची पोकळी राहते. त्यात ४०० मिलिमीटर उंचीचा डक्ट आणि त्याच्या वरखाली २५-२५ मिलिमीटरचे आवरण घातले, की पोकळी संपली. डक्ट टांगण्याच्या पट्ट्या, पाण्याची नळी, दिव्याची पेटी यांना जागाच नाही. मग ४०० × ६०० चा डक्ट चपटा करून २५० × ९६० केला तर क्षेत्रफळ तेवढेच राहते आणि १५० मिलिमीटर मोकळे होतात. पण चपट्या डक्टमध्ये हवेला घर्षण जास्त, म्हणून पंख्याला जोर जास्त आणि वीजबिलही थोडे जास्त. छतावरचा कोणताही निर्णय असा एकट्याचा नसतो. आणखी एक नियम येथे पाळावा लागतो : जे वाकवता येत नाही त्याला आधी जागा द्यायची. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी केवळ उताराने वाहते. १०० मिलिमीटरला १ मिलिमीटर उतार मोडला तर ते पाणी मागे फिरते. म्हणून उताराच्या नळीचा मान पहिला, मग मोठ्या डक्टचा, मग दाबाच्या नळ्यांचा, आणि कोठेही वळू शकणाऱ्या विजेच्या तारांचा शेवटी. प्रत्यक्ष बांधकामावर मात्र पुष्कळदा जो ठेकेदार आधी येतो तो सोयीची जागा धरतो, आणि वायरमन भाऊ लवकर येतात!

संगणकावरील मॉडेल येथे उपयोगी पडते. ते केवळ चित्र नसते. त्यातील बीमला बीमची जाडी असते, दिव्याला वजन, विजेची गरज आणि छतापासूनची उंची असते. वास्तुविशारदांचे एक मॉडेल, संरचना अभियंत्यांचे दुसरे, वातानुकूलन, वीज आणि अग्निशमन यांचे तिसरे. ही एकमेकांत बसवली, की डक्ट बीममधून आरपार गेला असेल तेथे संगणक खूण करतो. आपल्या नागपूरकरांना ही पद्धत अगदीच परकी नाही. मार्च २०१९ मध्ये खापरी ते सीताबर्डी हा टप्पा सुरू होऊन डिसेंबर २०२२ मध्ये ज्या नागपूर मेट्रोचा पहिला टप्पा पुरा झाला, तिच्या उभारणीत महामेट्रोने 'पंचमितीय' मॉडेल वापरले होते. लांबी, रुंदी, उंची या तीन मिती, चौथी काळाची आणि पाचवी खर्चाची. मेट्रोचा व्याप आणि आमची दोन शस्त्रक्रियागृहे यांची तुलना होऊ शकत नाही. पण रुळांच्या कामात जी शिस्त लागते ती ऑक्सिजनच्या नळीला अधिकच लागते, असे आमचे मत आहे.

मात्र मॉडेल केले म्हणजे समन्वय झाला, हा समज आमचाही होता आणि तो चुकीचा ठरला. अडचण कोठे येते ते एका साध्या दिव्यावरून सांगतो. छतावर दिवा कोठे शोभेल, टाइलच्या चौकटीत कसा बसेल, हे वास्तुविशारद ठरवतात. म्हणून ते आपल्या मॉडेलमध्ये दिवा ठेवतात. त्या दिव्याला कोणत्या सर्किटमधून वीज द्यायची, खोलीत उजेड पुरेसा पडेल की नाही, हे विद्युत अभियंते ठरवतात. म्हणून त्यांनाही आपल्या मॉडेलमध्ये तोच दिवा हवा असतो. मग तो दिवा कोणाचा? दोघांनी स्वतंत्रपणे ठेवला, तर एका दिव्याचे दोन दिवे होतात. मोजमापाचे तक्ते मॉडेलमधूनच निघत असल्याने खरेदीच्या यादीतही ते दोन होतात. आमच्या पहिल्या यादीत शुश्रूषा खोलीचे दिवे असेच दुप्पट आले होते. लेखापालांच्या नजरेतून ते सुटले नाहीत, म्हणून बरे.

यावर संगणकप्रणालीत एक सोय असते. अभियंता वास्तुविशारदांच्या मॉडेलमधील दिव्याची नक्कल आपल्याकडे घेतो आणि मूळ दिव्यावर 'लक्ष' ठेवण्याची सूचना देतो. मूळ दिवा हलला, बदलला किंवा काढला गेला, की अभियंत्याला इशारा मिळतो. ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी, की नक्कल आपोआप हलत नाही. इशारा वाचून कोणीतरी 'मान्य', 'अमान्य' किंवा 'विचारून सांगतो' असे म्हणावे लागते. शिवाय वास्तुविशारदांनी जुने छत पुसून नवे काढले, तर संगणकाच्या दृष्टीने ते सर्वस्वी दुसरे छत असते. जुन्या छताला चिकटवलेली उपकरणे निराधार होऊन जुन्याच उंचीवर हवेत लटकत राहतात. आमच्याकडे मार्गिकेचे छत १०० मिलिमीटर खाली आणल्यावर हेच घडले. पडद्यावर स्प्रिंक्लरची तोंडे छताच्या वर, पोकळीत, लपली होती. तसेच बांधले गेले असते तर आग खोलीत आणि स्प्रिंक्लर माळ्यावर, अशी अवस्था झाली असती.

इशाऱ्यांचे आणखी एक दुखणे आहे. सुरुवातीला ते इतके येत, की सारे एकदम 'मान्य' करून टाकण्याचा मोह सर्वांनाच होई. तेव्हा आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. छतावरील प्रत्येक प्रकारच्या उपकरणाचा एकच धनी असेल. हलवण्याचा अधिकार त्याचा, इतरांनी विनंती करायची. साध्या दिव्याची जागा वास्तुविशारदांची. हवेच्या तोंडांची आणि धूरसूचकांची जागा अभियंत्यांची, कारण तेथे शोभेपेक्षा नियम मोठा. पेंडंट आणि शस्त्रक्रियेच्या दिव्याची जागा वैद्यकीय विभागाची, आणि तिच्यापुढे बाकी सर्वांनी सरकायचे. दुसरे असे, की दर गुरुवारी दुपारी सर्वांनी एका पडद्यासमोर बसून प्रत्येक इशाऱ्यापुढे नाव आणि निर्णय लिहायचा. प्रारंभी या बैठका लांबत आणि चहाचे बिल वाढे. पुढे त्या आटोपशीर झाल्या.

या शिस्तीअभावी काय होऊ शकते याचे एक उदाहरण दूरदेशीचे आहे. स्कॉटलंडमध्ये एडिंबरो येथे मुलांचे नवे रुग्णालय ९ जुलै २०१९ रोजी सुरू व्हायचे होते. इमारत तयार होती. पाच दिवस आधी, ४ जुलैला, तेथील आरोग्यमंत्र्यांनी स्थलांतर थांबवले. अतिदक्षता विभागातील खोल्यांत तासाला १० वेळा हवा बदलली जाणे अपेक्षित असताना व्यवस्था ४ वेळांचीच झाली होती. कोणत्या खोलीला किती हवा, याचा जो तक्ता आरंभी, २०१२ मध्ये, तयार झाला होता त्यातच चुकीचा आकडा होता, आणि पुढची सात वर्षे तो आकडा एका कागदावरून दुसऱ्यावर उतरत राहिला. दुरुस्तीला सुमारे १ कोटी ६० लाख पौंड लागले आणि रुग्णालय पूर्णतः सुरू व्हायला मार्च २०२१ उजाडला. सधन देशाला ते परवडले. देणगीवर चालणाऱ्या न्यासाला परवडणारे नाही. आपल्याकडे एनएबीएच या मान्यता मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शस्त्रक्रियागृहातील हवा तासाला किमान २० वेळा बदलावी आणि त्यांपैकी किमान ४ वेळांची बाहेरची ताजी असावी. ४ आणि २० हे दोन्ही आकडे एकाच वाक्यात येतात, म्हणून अदलाबदल सहज संभवते. हे वाचल्यावर आम्ही प्रत्येक खोलीचा आकडा मॉडेलमधून काढून मूळ सूचनांशी नव्याने ताडून पाहिला. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या या शहरात बाहेरची हवा थंड करणे खर्चिक असते, त्यामुळे ताज्या हवेला कात्री लावण्याचा मोह कोणालाही होईल. ती कात्री आमच्या छतात कोठे शिरलेली नाही, याची खात्री करून घेतली.

एका विषयावर मात्र आमची चर्चा नेहमी गंभीर होत असे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली आणि १० बालके दगावली. भंडारा येथून तासा-दीड तासाच्या अंतरावर. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नागपूरलगतच्या वाडी येथील एका रुग्णालयातही आगीत रुग्णांचे प्राण गेले. त्या घटनांची कारणमीमांसा हा आमचा अधिकार नव्हे. पण तेव्हापासून छतावरील धूरसूचकाची पांढरी डबी आम्ही निराळ्या नजरेने पाहू लागलो. ही डबी हवा सोडणाऱ्या तोंडाजवळ बसवली, तर स्वच्छ हवेचा झोत धुराला तिच्यापासून दूर लोटतो आणि इशारा उशिरा मिळतो. म्हणून दोहोंत किमान एक मीटर अंतर राखावे, असा संकेत आहे. आमच्या शुश्रूषा खोलीत दोन्ही प्रथम योग्य जागी होती. पुढे खाटांची रचना बदलली, दिवे एका टाइलने सरकले, दिव्यांसाठी हवेचे तोंड सरकले आणि ते धूरसूचकाच्या शेजारी जाऊन बसले. तिघांनीही आपापल्या जागी योग्य तेच केले होते. गुरुवारच्या बैठकीत तरुण विद्युत अभियंत्याने ते दाखवले आणि डबी हलवली गेली. पडद्यावर ते काम मिनिटाभराचे होते.

संगणकाला न दिसलेली एक गोष्ट आमच्या शस्त्रक्रिया विभागाच्या प्रमुख सिस्टरांना दिसली. मॉडेलमध्ये पेंडंटचे हात दुमडलेले रेखाटले होते, त्यामुळे कोठेही टक्कर दिसत नव्हती. सिस्टर म्हणाल्या, "साहेब, आम्ही हे असे मिटवून कधी ठेवतो? रुग्ण टेबलावर आला की हा हात इकडे येतो आणि दिवा तिकडून." मग प्रत्येक हाताचा संपूर्ण फेरा रेखाटला, आणि भूलतज्ज्ञांचा पेंडंट दिव्याच्या वाटेत येतो असे आढळले. स्लॅबमधील लोखंडी तबकडी तोवर बसवलेली नव्हती, म्हणून ती सरकवता आली. नंतर सरकवायची तर स्लॅब फोडावा लागला असता. सिस्टरांचा दुसरा प्रश्न असा होता, की वरची झडप दुरुस्त करायला येणारा माणूस शिडी कोठे लावणार? त्यानंतर माणसाला उभे राहायला, हात घालायला आणि पाना फिरवायला लागणारी रिकामी जागासुद्धा एखादी वस्तू असावी तशी मॉडेलमध्ये रेखाटण्यात आली, म्हणजे तिच्यातून कोणी नळी नेली की संगणक खूण करील. शेवटी तर थंड पाण्याची एकही झडप शस्त्रक्रियागृहाच्या डोक्यावर ठेवायची नाही, असाच निर्णय झाला. साऱ्या झडपा बाहेरच्या मार्गिकेवर आणल्या. नळीची लांबी वाढली आणि खर्चही थोडा वाढला. ज्येष्ठ विश्वस्तांनी त्या वाढीव खर्चावर स्वाक्षरी करताना गडचिरोलीच्या आजींची चौकशी केली.

या पद्धतीने सर्व काही निर्दोष झाले, असा आमचा दावा नाही. मार्गिकेच्या टोकाला एक बीम प्रत्यक्षात नकाशापेक्षा खाली उतरलेला निघाला, कारण इमारतीचा तो भाग जुना होता आणि त्याचे मोजमाप आम्ही जुन्या कागदांवरून घेतले होते. तेथे डक्ट जागेवरच कापून जोडावा लागला. जुन्या इमारतीत मॉडेल करण्यापूर्वी छत उघडून, फीत लावून मोजायला हवे, ही नोंद पुढील कामासाठी करून ठेवली आहे.

बांधकाम पुरे झाल्यावर मॉडेल प्रत्यक्षाशी जुळवून घेतले आणि त्याची प्रत देखभाल विभागाला दिली. मार्गिकेच्या छतावर प्रत्येक झडती-खिडकीला एक छोटा क्रमांक चिकटवलेला आहे. त्या क्रमांकावरून वर कोणती झडप किंवा कोणता पंखा आहे, हे देखभाल कक्षातील भिंतीवर लावलेल्या नकाशात पाहता येते. रुग्णाला भेटायला आपण याल तेव्हा नजर वर गेली, तर ते क्रमांक आपल्याला दिसतील. रविवारी सकाळी पाळीवरील वायरमन बंधूंना विचारल्यास ते एखादी खिडकी उघडून दाखवतीलही. शिडी त्यांच्याकडे आहे आणि ती उभी करायला जागाही ठेवलेली आहे.